उलट्या तारांची गिटार

चिखल्याच्या कॉलनीत चिंधू रामटेकेला लोक पाठीमागे खाटीक म्हणायचे. बकऱ्यांचा नव्हे, गिटारींचा. नागपूर, गोंदिया, बालाघाट, जिथे एखादा ऑर्केस्ट्रा बुडाल्याची खबर लागेल तिथे हा जायचा, विजेवर वाजणाऱ्या जुन्या गिटारी पोत्यात घालून आणायचा आणि परसातल्या मांडवाखाली पेचकस घेऊन बसायचा. खुंट्या वेगळ्या काढायच्या, आवाज कमीजास्त करायची बटणं वेगळी, तारा वेगळ्या आणि तारांखालची लांबट डबी वेगळी. त्या डबीला पिकप म्हणतात. आत चुंबक असतं आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. सगळी करामत त्या डबीत. ती नसेल तर विजेची गिटार म्हणजे नुसती फळी.

हे पिकप तो भीमगीतवाल्यांना आणि कव्वालांना विकायचा. ते आपल्या बेंजोत बसवायचे, म्हणजे बेंजोचा आवाज भोंग्यातून गावभर जायचा. चार जाड तारांची बास गिटार हाती लागली तर तिच्या खुंट्या कुठे जायच्या आणि लाकूड कुठे जायचं हेही ठरलेलं होतं. लाकूड जायचं त्याची बायको मंगलाबाई हिच्या चुलीत. “रंगाचा वास भाताले लागते,” म्हणून ती रोज कटकट करायची आणि रोज तेच लाकूड जाळायची.

मी धनीराम. या घराच्या शेजारचा, जातीचा शेतकरी आणि शौकाचा ढोलकवाला. चिंधूला कोणी खाटीक म्हटलं की माझं डोकं फिरायचं. ज्यांना त्यातलं काही ठाऊक नाही त्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नये, हे मी तोंडावर सांगितलेलं आहे आणि त्यावरून दोनतीन घरांशी माझं बोलणंही बंद झालेलं आहे. हा माणूस गिटारी का खोलत होता ते मला माहीत होतं. एका गिटारीसाठी. ती त्याच्या भावाची होती आणि ती त्यानं स्वतःच्या हातानं बिघडवली होती.

त्याचा थोरला भाऊ आनंदराव. दोघांची घरं एकाला एक लागून, मध्ये फक्त तट्ट्याचं कुंपण. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जिकडेतिकडे ऑर्केस्ट्राचं वारं होतं, तेव्हा आम्हीही एक काढला, दीपज्योती ऑर्केस्ट्रा. आनंदराव त्यात गिटार वाजवायचा. गिटार लाल रंगाची, विलायती. कामठीचं एक गोरं कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून आणलेली. तिच्यासाठी आनंदरावनं लग्नात मिळालेली सायकल विकली आणि त्याची बायको मालनबाई हिनं महिनाभर अबोला धरला. पण तुमसरच्या पहिल्या कार्यक्रमात तिनं ती गिटार ऐकली आणि अबोला तिथेच सुटला. मी खोटं सांगत नाही, तो वाजवायला लागला की माझा हात ढोलकीवर आपोआप हलका पडायचा. त्याच्यावर कुरघोडी करावी असं वाटायचंच नाही.

चिंधू तेव्हा तुमसरला मोटारी बांधायच्या दुकानात कामाला होता. राइस मिलच्या आणि पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांच्या आतली तांब्याची तार काढून नवी भरायची, असं ते काम. ऑर्केस्ट्रात तो आवाज मोठा करायचं मशीन सांभाळायचा. भाऊ पुढे वाजवायचा आणि हा पडद्यामागे वायर धरून उभा. टाळ्या पडल्या की असा हसायचा जणू टाळ्या त्यालाच पडल्या. भावाचा त्याला फार अभिमान होता.

ऑर्केस्ट्रानं पोट भरत नाही. आनंदराव दिवसा नाकाडोंगरीकडे एका आरा मशीनवर लाकडं चिरायला जायचा. सत्याहत्तर साली तिथे त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची दोन.

गिटारीत उजवा हात तारा छेडतो, पण सूर दाबायचं काम डाव्या हाताच्या बोटांचं. तीच गेली. दवाखान्यातून आल्यावर त्यानं गिटार भिंतीवर खिळ्याला टांगली आणि कॉलनीच्या तोंडाशी सायकली भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. रडला नाही, कुरकुरला नाही. आमचा ऑर्केस्ट्रा त्याच्याविना सहा महिने कसाबसा रखडला आणि मेला. मला वाईट वाटलं, पण मी गप्प बसलो. चिंधूला गप्प बसता आलं नाही.

“धनीराम गा,” तो एक दिवस मला म्हणाला, “गिटार नाही तं बेंजो. बेंजोत तार थोडीच दाबाची असते? वरतं टाइपरायटरवानी बटनं असते, थे दाबाचे. भाऊच्या उरल्या बोटायनं आरामात होते.”

“मग भावाला विचार,” मी म्हणालो.

“इचारलं का नाहीच म्हनन. गिटारीले हात नाही लावू देत थो. बनवून हातात देतो, मंग पायजो.”

एप्रिलच्या सुरुवातीला आनंदराव आणि मालनबाई साळीच्या लग्नाला करडीला गेले. घराची किल्ली चिंधूजवळ होती. भीमजयंतीला भावानं बेंजो वाजवावा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एक जुना बेंजो त्यानं मिळवून ठेवलाच होता. त्यानं खिळ्यावरची गिटार काढली, मांडवाखाली आणली आणि उताणी ठेवली. मी तिथेच होतो. तारा सोडता सोडता तो थांबला.

“हे पाय,” तो म्हणाला. “जाड तार असाले पायजे वरतं, हे हाय खालतं. साऱ्या तारा उलट्या लावल्या. भाऊचं डोस्कंच ठिकानावर नाही रायलं गा.”

असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. मी ढोलकवाला, मला तारांतलं काय कळणार? त्यानं उलट्या तारा गुंडाळून बाजूला ठेवल्या, चार स्क्रू काढले आणि पिकप उचलला.

बेंजोत बसवून पाहिला तर आवाज आला, पण नाजूक. भोंग्यावर टिकेल असा नाही. आता इथे दुसरा कोणी असता तर त्यानं पिकप तारांच्या जरा जवळ सरकवून पाहिला असता. चिंधू मोटारीवाला. मोटार कमजोर चालली की आतली तार बदलायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. दुकानातली सगळ्यात बारीक तार आणून त्यानं पिकप पुन्हा भरला. इथवरही कदाचित निभावलं असतं. पण मोटार भरली की तिला वॉर्निश पाजायचं आणि मोठे बल्ब लावलेल्या टिनाच्या पेटीत भाजायचं, हा त्या धंद्याचा नेम. वॉर्निश न पाजता मोटार गिऱ्हाइकाच्या हातात देणं त्याला बेइमानी वाटायचं. भावाच्या कामात बेइमानी कशी करायची? त्यानं पिकपला वॉर्निश पाजलं आणि संध्याकाळी पेटीत ठेवून दिला.

सकाळी पेटी उघडली तर त्या डबीचं प्लास्टिक गुळाच्या पाकासारखं वितळून तारेत आणि चुंबकात घट्ट बसलेलं. तेलही गेलं, तूपही गेलं. चिंधू तो काळा गोळा तळहातावर घेऊन बसून राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही.

आनंदराव करडीहून परत आला. घरात शिरल्या शिरल्या त्याची नजर रिकाम्या खिळ्यावर गेली असणार, कारण तो लगेच बाहेर अंगणात आला. चिंधू बेंजो, गिटार आणि तो गोळा, तिन्ही घेऊन उभा होता. त्यानं काहीही लपवलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. जसं घडलं तसं सांगितलं.

आनंदरावनं गिटारीतल्या त्या भोकाकडे पाहिलं. बोलली मालनबाई.

“काय केलं हे, भाऊजी!” तिनं कपाळावर हात मारला. “हे शिकून रायले होते ना! गिटार उलटी धरून. उजव्या हातानं दाबाचं, डाव्यानं छेडाचं. त्याच्यासाठीच तं तारा उलट्या लावल्या होत्या. तुमी कामावर गेले का रोज काढत होते. एक गानं पुरं बसलं होतं. भीमजयंतीले वाजवतो म्हने, चिंधूले सांगजो नोको म्हने.”

चिंधू मटकन खाली बसला. दोघा भावांनी एकाच दिवसासाठी, एकमेकांपासून लपवून, एकमेकांना आनंद द्यायचा बेत केला होता. आजही आठवलं की मला कोणाचा राग करावा ते कळत नाही.

“मालन,” आनंदराव म्हणाला, “त्याले सांग, आपल्या घरी जाय.”

चिंधू दोन हातांच्या अंतरावर बसला होता, तरी सांगायचं मालननं. त्या दिवसापासून हेच सुरू झालं. आनंदराव चिंधूचं नाव घेईना. भांडण नाही, शिवी नाही, वाटणी नाही. पाण्याची पाळी असो की पोराबाळांचं दुखणंखुपणं, सगळं ‘त्याले सांग’ असं. मला हा अबोला शिव्यांपेक्षा वाईट वाटायचा. मी एकदा आनंदरावला त्याच्या दुकानात जाऊन चांगलं झापलं.

“अरे, त्यानं तुझ्या भल्यासाठीच केलं ना?”

तो चाकात हवा भरत होता. “भल्यासाठी केलं,” तो म्हणाला. “आरा मशीननं बोटं नेले तं मले इचारून थोडीच नेले? मशीनच थे. हा तं भाऊ होता ना गा.”

मी एक सायकल भाड्यानं घेतली आणि उगाच फिरून आलो.

तर चिंधूची खाटीकगिरी इथून सुरू झाली. तसाच दुसरा पिकप शोधायचा, भावाची गिटार होती तशी करायची आणि भावानं आपलं नाव घ्यायचं, एवढं एकच त्यानं मनाशी धरलं. तसा पिकप बाजारात मिळत नव्हता. वरून पाहून ओळखूही येत नव्हता, गिटार उघडल्यावरच कळायचं. मग त्यानं मिळेल ती गिटार घ्यायला सुरुवात केली. पहिल्या काही वर्षांत ती फार मिळेना. पुढे घरोघर टेपरेकॉर्डर आले, लग्नांत व्हिडिओ लागायला लागले आणि ऑर्केस्ट्रे पटापट बुडाले. दुसऱ्यांच्या मरणावर याचा शोध चालला. उघडायचा, आत पाहायचा, मान हलवायचा. तो नाही. मग उघडलेल्या गिटारीचं करायचं काय? म्हणून सुटे भाग विकायचे. धंदा असा झाला. लोकांना धंदा दिसला, शोध कोणाला दिसला नाही.

त्याची एक खोड मात्र सगळ्यांना माहीत होती. गिटार विकायला आलेल्याला तो पहिल्यांदा विचारायचा, “घरी साऱ्यायले इचारलं का?” लोक हसायचे. गिटार घेतोस की पोरगी मागतोस, अशी टिंगल चालायची. एकदा तुमसरचा एक जण पोत्यातून बास गिटार घेऊन आला, चांगली, जर्मन म्हणे. चिंधूनं नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “लहान्या भावाची हाय. थो पुन्याले नोकरीवर गेला. त्याले काय कराची आता?”

“त्यानं म्हटलं का विक म्हनून?”

“त्याले कायले इचाराचं?”

चिंधूनं ती बास पुन्हा पोत्यात भरली, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवून दिली. मंगलाबाई आतून बघत होती. माणूस गेल्यावर तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो मी माझ्या घरात बसून ऐकला. “आली लक्ष्मी उठवून लावता! तुमच्या भावानं नाव नाही घेतलं म्हनून आमी काय उपाशी मराचं?” तिचं खरं होतं, आणि चिंधूलाही दुसरा रस्ता नव्हता.

या दिवसांत तो वाळत गेला. तुमसरची नोकरी सुटली. डोळ्यांना चाळशी लागली. तट्ट्यापलीकडे भाऊ खोकला तरी हा काम थांबवून कान द्यायचा. मी म्हणायचो, “सोड आता.” तो म्हणायचा, “भेटन गा, कुठं तं असनच.”

आणि मिळाला. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात, कटंगीला. तिथे देवाजी नावाचा म्हातारा बँडवाला राहत होता. त्याच्याकडे तसलीच लाल गिटार असल्याचं कोणी सांगितलं आणि चिंधूनं मला ओढत नेलं. देवाजीनं ती कापडात गुंडाळून ठेवली होती. रंग थोडा उडालेला, बाकी ठणठणीत. त्यानं मशीनला लावून वाजवून दाखवली तर असा गोल, भरलेला आवाज आला की मला तुमसरचा तो पहिला कार्यक्रम आठवला. चिंधूनं न उघडताच ओळखलं. हाच तो.

“घरी साऱ्यायले इचारलं का, बाबा?” त्यानं विचारलं.

“घर में अब मैं ही हूँ,” देवाजी म्हणाला. “मुझसे ही पूछ लो.”

चिंधूनं त्याला खरं ते सांगितलं, की ही गिटार मी वाजवणार नाही, खोलणार आहे, आणि कशासाठी खोलणार आहे. म्हाताऱ्यानं गिटार दिली आणि ते कापडही बरोबर दिलं. परत येताना बसमध्ये चिंधू म्हणाला, “चांगली जिती गिटार मारून रायलो मी.” मी म्हटलं, आता रडू नकोस, काम कर.

त्यानं काम असं केलं की पाहत राहावं. भावाच्या गिटारीचं लाकूड त्यानं इतकी वर्षं धान्याच्या कोठीवर, उंदीर पोचणार नाहीत असं जपलं होतं. पिकप बसवला. वॉर्निशचा डबा त्या दिवशी मुद्दाम माझ्या घरी आणून ठेवला. आणि तारा लावल्या त्या उलट्या, जशा काढल्या होत्या तशा.

दुपारी आम्ही दोघे तट्टा ओलांडून गेलो. आनंदराव कडुलिंबाखाली खाटेवर बसला होता. चिंधूनं मशीन जोडलं, गिटार खाटेवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला.

“तारा तुह्याच हिशेबानं लावल्या, भाऊ.”

आनंदरावनं गिटार उचलली. उलटी धरली. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि उरलेल्या बोटांत तारा छेडायची नखी पकडली आणि उजव्या हातानं सूर दाबले. पहिली ओळ आली. मालनबाई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. दुसऱ्या ओळीत बोट घसरलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच घसरलं. तिसऱ्यांदा तर पहिली ओळही नीट आली नाही. हवा भरून भरून आणि पान्यानं नट आवळून तो उजवा हात लाकूड झाला होता. मधली वर्षं तो हात सुरांवर असता तर गोष्ट वेगळी होती.

त्यानं गिटार मांडीवर आडवी केली. “मालन, त्याले सांग, आता बोटं आयकत नाही.”

चिंधूचं इतक्या वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात गेलं. आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं, सवयीनं हात खिशात घातला आणि पेचकस काढला.

“बेंजो करू भाऊ,” तो भरभर बोलायला लागला. “पिकप एकदम चांगला हाय, मी वॉर्निश नाही पाजत आता, चारच स्क्रू हायेत, दोन मिनिटात खोलतो...”

मला वाटलं, गाढवा, थांब! पण मी तोंड उघडायच्या आत आनंदराव बोलला. मालनकडे न बघता, सरळ चिंधूकडे बघून.

“पयले इचार.”

“काय?”

“जे तवा इचारलं नाही, थे.”

साऱ्या जिल्ह्याला घरी विचारलं का म्हणून विचारत फिरलेला हा माणूस, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी तो लहान पोरासारखा म्हणाला, “भाऊ, तुही गिटार खोलू का?”

आनंदरावनं गिटारीवरून हात फिरवला. घाई केली नाही.

“नोको,” तो म्हणाला.

मग तो उठला, गिटार घेऊन आत गेला आणि तिला त्या जुन्या खिळ्यावर टांगून बाहेर आला. चिंधू पेचकस हातात घेऊन तसाच उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आनंदराव खाटेच्या एका कडेला सरकून बसला.

“मालन,” त्यानं आत आवाज दिला, “चिंधू आला हाय. चहा मांड.”